रसिकांचा वाद आणि रसिकांचा आश्रय

आवडत्या गायकावरून रसिकांत वाद माजला, कीं शहाणे लोक त्यास रिकामटेकडेपणा म्हणतात. आमचें मत निराळें आहे, व त्यास आधार इंग्लंडांतील ‘मॅरिलियन’ या वाद्यवृंदाच्या इतिहासाचा आहे.

दीर्घ रचना, बदलते ताल आणि कधीं सबंध तबकडीभर चालणारें एकच कथासूत्र, हीं ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीताचीं लक्षणें. १९६९ मध्यें ‘किंग क्रिम्झन’च्या पहिल्या संग्रहानें त्यास ठसठशीत रूप दिलें; १९७९ सालीं निघालेल्या मॅरिलियननें तोच वारसा उचलला. त्यांचा ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ १९८५ मध्यें ब्रिटनमध्यें खपांत पहिला आला. १९८८ सालीं गायक फिश बाहेर पडला. १९८९ पासून स्टीव्ह होगार्थ गाऊं लागला. तेव्हां रसिकांत दोन पक्ष पडले. एकास फिशचा काळ थोर वाटे, दुसऱ्यास होगार्थचा ‘ब्रेव्ह’ (१९९४) श्रेष्ठ.

परंतु १९९७ मध्यें कंपनीच्या साहाय्याअभावीं अमेरिकेचा दौरा अशक्य ठरतांच, रसिकांनींच इंटरनेटवरून सुमारें ६०,००० डॉलर जमविले. वृंदानें ते मागितले नव्हते! २००१ चा ‘अनोरॅक्नोफोबिया’ तर १२,००० हून अधिक रसिकांनीं तयार होण्यापूर्वींच विकत घेतला.

आश्रय राजाचा असो वा कंपनीचा, लहर किंवा नफा फिरला कीं तो आटतो. एखाद्या तबकडीसाठीं जो मित्राशीं भांडतो, तोच वेळ पडतां तिच्या कर्त्यासाठीं खिशांत हात घालतो. म्हणून हे वाद आम्ही व्यर्थ मानीत नाहीं.