अमेरिकेतील वर्णविषयक वाङ्मय आणि त्याचा वाचक

करुण रसाचा आस्वाद घेणारा सहृदय प्रेक्षक रंगभूमीवरील दुःखाचे निवारण करण्यासाठी आसन सोडून धावत नाही. ‘हे माझे, हे परक्याचे’ हा भेद गळून पडल्यावाचून रसनिष्पत्ती होत नाही, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. परंतु ज्या दुःखाचे कारण वाचकाच्याच देशाच्या कायद्यात आणि त्याच्याच मिळकतीत दडलेले आहे, त्याचा आस्वाद तो कोणत्या नात्याने घेतो? अमेरिकेतील वर्णविषयक वाङ्मयाने हा प्रश्न पावणेदोनशे वर्षे वाचकापुढे ठेवला आहे. आणि वाचकाने त्याला वेळोवेळी दिलेली उत्तरे हा त्या वाङ्मयाच्या इतिहासाचाच एक भाग होय.

हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५१ च्या जूनपासून ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८५२ च्या मार्चमध्ये ग्रंथरूपाने निघाली. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामास पकडून देण्याचे दायित्व उत्तरेकडील नागरिकांवरही आले होते, आणि स्टो यांचा रोख त्या कायद्यावर होता. तथापि एकट्या माणसाने करावे तरी काय, या प्रश्नाचे त्यांनी अखेरच्या प्रकरणात जे उत्तर दिले ते मोठे बोलके आहे : आपल्या मनातील भावना योग्य आहे ना, एवढे तरी प्रत्येकाला पाहता येईल. वाचकाच्या आत्मशुद्धीलाच येथे कृतीचा मान मिळाला. पुढच्या कित्येक पिढ्यांच्या वाचकांनी हा मान आनंदाने स्वीकारला.

इंग्लंडात या भावनेने केवढे रूप घेतले पाहा. डचेस ऑफ सदरलंड यांच्या लंडनमधील प्रासादात १८५२ साली एक निवेदन संमत झाले आणि त्यावर पाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या सह्या जमल्या. सह्यांचे सव्वीस खंड स्टो यांच्या स्वाधीन करण्यात आले. अमेरिकेच्या दक्षिण भागातून प्रत्युत्तर आले की, या सरदारस्त्रियांनी आधी आपल्या देशातील दरिद्री लोकांकडे पाहावे. ते गुलामांच्या धन्यांकडून आल्यामुळे त्याचे नैतिक वजन शून्य होते. पण कार्ल मार्क्स यांनी १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात याच सदरलंड घराण्याने स्कॉटलंडमधील आपल्या कुळांना जमिनीवरून कसे हुसकावून लावले होते याचा हिशेब मांडला, तेव्हा तो बोल टाळता येण्याजोगा नव्हता. दूरच्या दुःखाने डोळे भरून यावेत आणि जवळच्या दुःखावर आपली मिळकत उभी असावी, ही विसंगती येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसली.

या अश्रूंचा सर्वांत कडवट हिशेब रिचर्ड राइट यांनी घेतला. १९३८ साली त्यांचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा कथासंग्रह निघाला आणि त्याची स्तुती झाली. ते अभिप्राय वाचून राइट अस्वस्थ झाले. पेढीवाल्यांच्या मुलींनी वाचावे, रडावे आणि रडून बरे वाटून घ्यावे असे पुस्तक आपल्या हातून झाले, हे त्यांनी नंतर एका निबंधात कबूल केले. पुढचे पुस्तक अश्रूंचा आसराच मिळू नये इतके कठोर लिहायचे, असा त्यांनी निश्चय केला. वाचकांच्या प्रतिसादातून कलाकृतीचे स्वरूप ठरल्याचे असे उघड उदाहरण कोणत्याही वाङ्मयात विरळाच सापडेल. १९४० च्या ‘नेटिव्ह सन’मधील बिगर टॉमस हा नायक खुनी आहे, त्याच्यासाठी रडणे सोपे नाही. त्याला नोकरी देणारा दानशूर डाल्टन कृष्णवर्णीय मुलांच्या मंडळांना पिंगपाँगची टेबले देणगी देतो, आणि ज्या कोंदट खोलीत बिगरचे कुटुंब राहते तिचे भाडे त्याच्याच कंपनीकडे जाते. वाचकाने या डाल्टनमध्ये स्वतःला ओळखावे ही लेखकाची अपेक्षा. पहिल्या तीन आठवड्यांत दोन लाखांवर प्रती गेल्या. पण त्याही एका ग्रंथमंडळाच्या आग्रहाने काही प्रसंग बदलल्यानंतर. मूळ पाठ १९९१ मध्ये वाचकांना मिळाला.

जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ साली स्टो आणि राइट यांना एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. असे पुस्तक आपण वाचत आहोत याचाच एक पुण्यानंद वाचकाला होतो, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे; राइट यांच्यावर मात्र ते पुरते लागू होत नाही. अलीकडे हाच पुण्यानंद ग्रंथकारांनी थेट तपासणीस घेतला. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाकडून हत्या झाल्यावर ज्या पुस्तकांना प्रचंड मागणी आली, त्यांपैकी रॉबिन डिअँजेलो यांच्या २०१८ च्या पुस्तकात गोऱ्या स्त्रियांच्या अश्रूंवर स्वतंत्र प्रकरणच आहे. लैला साद यांच्या पुस्तकात वाचकाने अठ्ठावीस दिवस रोज स्वतःविषयी लिहायचे असते. अशा पुस्तकांत कादंबरी संपते आणि व्रत सुरू होते. मात्र या व्रताचा विषय पुन्हा वाचकाचे स्वतःचे मनच राहते, ही शंका घ्यावीशी वाटते.

या साऱ्या चर्चेत ‘वाचक’ म्हणजे गोरा वाचक हे निमूटपणे गृहीत धरले जाते. सॅम्युअल ग्रीन हा मेरीलँडमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. गुलामांना पळून जाण्यास तो साहाय्य करतो या संशयावरून १८५७ साली त्याच्या घराची झडती झाली. कॅनडाचा नकाशा, आगगाड्यांची वेळापत्रके आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ एवढा ऐवज निघाला. कादंबरी बाळगल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १८६२ साली राज्य सोडून जाण्याच्या अटीवर तो सुटला. सव्वीस खंडांतील एकाही सहीला अशी किंमत मोजावी लागली नव्हती. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या निरपेक्ष बुद्धीबद्दल. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यांनी तेथेच नोंदविली. अमेरिकेच्या या इतिहासाकडे फुले शूद्रातिशूद्रांच्या बाजूने पाहत होते. त्यामुळे परक्याच्या दुःखाने गहिवरण्याची सोय त्यांना नव्हती, आणि तिची गरजही नव्हती.

राइट स्वतः वाचक कसे झाले ते त्यांनी १९४५ च्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथेत सांगितले आहे. मेम्फिसच्या ग्रंथालयातून कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळत नसत. एका गोऱ्या सहकाऱ्याचे पत्रक घेऊन, त्याच्याच नावाने खोटी चिठ्ठी लिहून, ‘या पोराकडे पुस्तके द्यावीत’ अशा अर्थाच्या मजकुरावर त्यांनी मेंकेन यांचे ग्रंथ मिळविले. चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख अपमानकारक शब्दाने करावा लागला, नाहीतर संशय आला असता. हा प्रसंग लाखो गोऱ्या वाचकांनी कौतुकाने वाचला. मात्र उत्तरेत गेल्यावर तेथेही काय वाट्यास आले हे सांगणारा उत्तरार्ध ग्रंथमंडळाने वगळावयास लावला होता. तो ‘अमेरिकन हंगर’ या नावाने १९७७ मध्ये, राइट यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी प्रसिद्ध झाला.