मेंढ्याचें मोल

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, हातकणंगले तालुक्यांतील पट्टणकोडोली गांवीं दरवर्षीं आश्विन महिन्यांत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून धनगर समाज तेथें लोटतो. भंडाऱ्यानें देऊळ, रस्ते आणि माणसें पिवळीं होऊन जातात, आणि भंडाऱ्याबरोबर खारका व मेंढरांची लोकर उधळली जाते. फरांडेबाबांच्या भाकणुकींत पाऊसपाण्याबरोबर बाजारभावाचेंहि भविष्य ऐकावयास मिळतें. लोकर ही देवाला वाहण्याजोगी वस्तु आहे, ही श्रद्धा तेथें अजून जिवंत आहे. बाजारांत मात्र त्याच लोकरीला गिऱ्हाईक मिळणें कठीण झालें आहे, आणि मेंढ्याची किंमत मात्र कित्येक लाखांवर गेली आहे. हें कसें घडलें, हें समजून घ्यावयाचें तर दक्षिण महाराष्ट्रांतील मेंढपाळ कुटुंबें आपल्या कळपाची पैदास कशी करीत आलीं, हें पाहिलें पाहिजे.

या मुलखाचें मूळचें मेंढरूं म्हणजे दख्खनी. तें काळें किंवा काळेंपांढरें, भरड लोकरीचें, थोड्या चाऱ्यावर तग धरणारें आणि दिवसाकाठीं कोसच्या कोस चालणारें असतें. पावसाळा सरला कीं जत, आटपाडी, माण, सांगोला अशा कोरड्या भागांतील कळप चाऱ्याच्या शोधांत नद्यांच्या खोऱ्यांकडे उतरत. शेतकरी आपल्या रिकाम्या रानांत मेंढरें बसवून घेई आणि त्या खताबद्दल धनगरास धान्य किंवा पैसा देई. वर्षांतून दोनदां लोकर कातरली जाई. तिच्या सुताचें घोंगडें सणगर विणीत, आणि चिंचोक्याच्या खळीनें त्यास असा ताठपणा आणीत कीं, त्याची खोळ डोक्यावर घेतली असतां मृगाचा पाऊसहि सहज आंत शिरत नसे. खत, लोकर आणि मांस अशा तिन्ही वाटांनीं कळप कुटुंबाचें पोट भरीत असे.

अशा कळपांत एडका राखणें हें घरांतील जाणत्या माणसाचें काम असे. बहुतेक नर कोकरें विकलीं जात. मोजकीं तेवढीं पैदाशीसाठीं राहत. राखावयाचें कोकरूं कोणत्या मेंढीच्या पोटचें, तिला दूध किती, दुष्काळाच्या सालीं तिनें आपलें पिलूं जगविलें कीं नाहीं, याचा हिशेब वहींत नसे. तो तोंडपाठ असे. एडक्याच्या रूपापेक्षां त्याच्या आईची कमाई अधिक पाहिली जाई. कळपाचा खरा परीक्षक होता तो मुक्कामामुक्कामाचा रस्ता. जें जनावर चालून टिकलें नाहीं, त्याचा वंश आपोआप खुंटे.

याच मुलखांत जनावराच्या शौकाची दुसरीहि एक परंपरा आहे. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत कोल्हापुरांत हत्तींची साठमारी होई, शिकारीसाठीं चित्ते पाळले जात, आणि १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें राहिलें. तालमींतल्या मल्लाला जसा खुराक, तसाच दारच्या टकरीच्या मेंढ्याला देण्याची हौस गांवोगांवीं असे. १९६० च्या कायद्यानें जनावरांच्या झुंजी लावणें गुन्हा ठरला. पण मेंढा पोसून तो चारचौघांत मिरविण्याची हौस कायम राहिली. यात्रांचे बाजार आणि कृषिप्रदर्शनांचे मंडप हे तिचे नवे आखाडे झाले.

या आखाड्यांचा मल्ल म्हणजे माडग्याळी मेंढा. माडग्याळ हें सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यांतील गांव; जत हें १९४८ पर्यंत डफळ्यांचें संस्थान होतें. या जातीचें जनावर उंच, लांब मानेचें, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांचें असतें. कान लांब लोंबते, आणि नाक पोपटाच्या चोचीसारखें बांकदार. लोकर नांवालाच, पण कोकरूं झपाट्यानें वाढतें, म्हणून मांसाच्या बाजारांत त्यास मान. हौशी मंडळींचें लक्ष मात्र आधीं नाकावर जातें. जितका बांक अधिक, तितकी किंमत अधिक.

घरांत असा एक मेंढा असला कीं सारें कुटुंब त्याच्याभोंवतीं फिरूं लागतें. तो कळपाबरोबर रानोमाळ हिंडत नाहीं. त्याला निराळा खुराक, निराळी जागा, निराळी निगा. आपल्या मेंढ्या त्यास दाखविण्यासाठीं लोक लांबून येतात, आणि त्याच्या कोकरांस जन्मतःच मोठी मागणी येते. १९४८ पूर्वीं औंध संस्थानांत असलेल्या आटपाडीच्या बाजारांत २०२० सालीं अशा एका मेंढ्यास सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकानें दीड कोटी सांगितले, अशी वार्ता देशभरच्या पत्रांत झळकली. सौदा झाला नाहीं. पण त्या वार्तेनें कित्येक तरुणांच्या डोळ्यांपुढें एकच मेंढा उभा राहिला, आणि त्यामागचा कळप दिसेनासा झाला.

विलायतेंत हा प्रयोग अडीचशें वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे. लेस्टर परगण्यांतील डिशली येथें रॉबर्ट बेकवेल (१७२५ ते १७९५) यानें खंडाच्या शेतावर निवडक पैदाशीनें नवी लेस्टर जात घडविली. तो मेंढे विकीत नसे, हंगामापुरते भाड्यानें देई. आरंभीं कांहीं शिलिंगांवर असलेलें भाडें पुढें शेकडों गिनींवर गेलें. त्याचीं मेंढरें लवकर वजनास येत. पण त्यांच्या अंगीं चरबी फार सांचे, आणि मेंढ्यांना जुळीं व दूध दोन्ही कमी, असें टीकाकार म्हणत. पुढें लोकांची आवड चरबीवरून उठली, आणि त्या शुद्ध जातीचें वैभव ओसरलें.

दक्षिण महाराष्ट्रांत आज हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. गिरणीच्या स्वस्त कांबळ्यानें घोंगड्याचा खप घटला. बागाइती उंसानें रिकामीं रानें आटलीं. लोकर कातरण्याची मजुरीहि लोकरींतून सुटेना. मग काळ्या मेंढरांत माडग्याळी एडका सोडावा, हें व्यवहारास धरूनच आहे, आणि त्याबद्दल कोणा धनगरास बोल लावतां येत नाहीं. पण पावसांत भिजून, उन्हांत चालून टिकणारें दख्खनी रक्त एकदां पातळ झालें, तर तें बाजारांतून विकत आणतां येणार नाहीं.

पैदाशीची तिसरी एक वाट फलटणला दिसते. बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं तेथें कृषि संशोधन संस्था काढली. १९९० पासून तिनें मेंढ्यांचें काम हातीं घेतलें, आणि तें त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं पुढें चालविलें. सुंदरबनांतील गारोल ही लहानखुरी मेंढी. तिच्यांत जुळीं होण्याचा अनुवंशिक गुण आहे. तो गुण दख्खनी मेंढ्यांत उतरवून संस्थेनें नारी सुवर्ण हा वाण सिद्ध केला. येथें नाकाचा बांक कोणी मोजला नाहीं. कोकरें किती झालीं, किती जगलीं आणि किती वाढलीं, तें मोजलें. धनगराचा जाणता जें तोंडपाठ ठेवी, तेंच येथें वहींत उतरलें.

प्रदर्शनांतील बक्षीस मेंढ्याला मिळतें, त्याच्या लेकींना मिळत नाहीं. त्या मंडपांत येतहि नाहींत. परंतु कळप चालतो तो त्यांच्या दुधावर, त्यांच्या पायांवर आणि त्यांनीं जगविलेल्या कोकरांवर. जें कुटुंब हौसेनें मेंढा पोशीत असेल, त्यानें खुशाल पोसावा. मात्र त्याच्या चार वर्षांच्या लेकी रानांत कशा टिकल्या, हें पाहिल्यावांचून त्याचें मोल ठरवूं नये. सत्तर लाखांची मागणी एका दिवसाची असते. कळपाची परीक्षा मात्र दर दुष्काळांत नव्यानें होत असते.