अर्थकॅश : नांदेड-लातूरच्या संदर्भात

अर्थकॅश हा जिओकॅशिंग या खेळाचा शैक्षणिक प्रकार आहे. मूळ खेळात कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने हुडकून काढायचा असतो. अर्थकॅशमध्ये लपवलेले काहीच नसते. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर जायचे, तेथला खडक, भूरूप किंवा झरा नीट निरखायचा आणि जागेवर गेल्याशिवाय देता येणार नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे नोंद करणाऱ्याला पाठवायची, एवढेच काम असते. जीपीएस संकेतांवर अमेरिकी सरकारने मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २०००च्या पहिल्या दिवसांत उठली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात रानात एक बादली ठेवून तिचे स्थान जाहीर केले आणि खेळ सुरू झाला. चार वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये, पहिले अर्थकॅश ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावरील वास्प हेड येथे नोंदले गेले. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने हा उपक्रम उभा केला. नियम थोडे पण कडक आहेत : प्रत्येक नोंदीत भूविज्ञानाचा एक निश्चित धडा हवा, प्रश्न निरीक्षणावर बेतलेले हवेत, जागेवरून काहीही उचलू नये, जिथे लागेल तिथे जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी असावी आणि मजकूर स्थानिक भाषेत असावा.

जागा कशी निवडायची, हा या प्रकारातला खरा वादाचा मुद्दा आहे. जगभरच्या नोंदींत धबधबे, सुळके, गुहा आणि ज्वालामुखीची मुखे यांची गर्दी दिसते, कारण देखणी जागा लोकांना आपोआप खेचते. त्या मापाने नांदेड आणि लातूर हे जिल्हे फारसे मोजले जाणार नाहीत. येथे सह्याद्रीचे कडे नाहीत, आणि लोणारचे सरोवरही शेजारच्या विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात पडते. काळ्या रानाची पठारे, मुरमाड माळ, उन्हाळ्यात कोरडी पडणारी पात्रे, एवढेच वरवर दिसते. तरीही अर्थकॅशच्या मूळ हेतूला हा प्रदेश अधिक जुळतो, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. जागेची योग्यता तिच्या सौंदर्यावरून न ठरवता ती कोणता प्रश्न पेलू शकते यावरून ठरवली, तर या दोन जिल्ह्यांत मोठ्या प्रश्नांची वाण नाही. देखण्या जागी पाहुणा छायाचित्र काढतो आणि परततो. साध्या जागी पाहण्यासारखे काय आहे, हे त्याला प्रश्नानेच सांगावे लागते.

याचा सर्वात भक्कम पुरावा म्हणजे या प्रदेशाची जमीन. लातूर आणि नांदेडचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर येथे एकावर एक बसले आहेत. पश्चिम घाटात त्यांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे ती उतरत जाते आणि देगलूर, बिलोली, किनवट या तालुक्यांच्या परिसरात हे आच्छादन विरून खालचा ग्रॅनाइट व नाइस उघडा पडतो. तो खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. म्हणजे जिथे काळा पाषाण संपून करडा-गुलाबी, चकाकत्या कणांचा दगड सुरू होतो, तिथे एका पावलात २४० कोटींहून अधिक वर्षांचे अंतर ओलांडले जाते. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला जे संशोधन-छिद्र घेण्यात आले, ते ६१७ मीटर खोल गेले. त्यात बेसाल्ट ३३८ मीटरांवर संपला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर लागला आणि मग तसाच प्राचीन पायाचा खडक आला. किल्लारीला ज्यासाठी यंत्र लावून एवढे खोल जावे लागले, त्या जातीचा खडक देगलूरकडे रस्त्याच्या कडेला दिसतो. ही सांगड घालणारे दोन टप्प्यांचे अर्थकॅश फार मोलाचे ठरेल. पहिल्या टप्प्यावर स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात का ते तपासायचे, दुसऱ्यावर तोच प्रयोग बेसाल्टवर करायचा आणि एक वितळलेला खडक सावकाश व खोलवर थिजला, तर दुसरा उघड्यावर भराभर, हा निष्कर्ष पाहणाऱ्यानेच काढायचा. त्यासाठी पर्यटनस्थळाची पाटी लागत नाही. रस्त्यासाठी फोडलेली कड किंवा बंद पडलेली खडीची खाण पुरते.

पाण्याचा प्रश्नही याच खडकाशी बांधलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली आणि तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी चर्चा पावसाची, उसाची आणि धनेगावच्या कोरड्या मांजरा धरणाची झाली आणि ती रास्तच होती. पण पाणी साठवणाऱ्या दगडाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी जवळजवळ मावतच नाही. ते मावते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या प्रवाहांच्या माथ्यावरील सच्छिद्र थरांत. विहीर खोदणाऱ्यांना हे कधीचे ठाऊक आहे. मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण अशी त्यांची स्वतःची क्रमवारी आहे, आणि पाणी कुठे लागेल याचा अंदाज ते तिच्यावरूनच बांधतात. कालव्याच्या किंवा रस्त्याच्या खोल कापात हे थर एकाखाली एक दिसतात. पावसाळ्यानंतर कोणत्या पट्ट्यातून ओल पाझरते, एवढा एक प्रश्न विचारला तरी शेकडो फूट खोल घेतलेली बोअर कोरडी का जाते, याचे अर्धे उत्तर मिळते.

खरोसा येथे प्रश्न वेगळा आणि जास्त गमतीचा आहे. औसा तालुक्यातील ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली मानली जातात. ती बेसाल्टात नसून जांभ्यात आहेत. जांभा म्हटले की मराठी माणसाला कोकण आठवते, लातूर नव्हे. पण बिदरपासून उदगीर-निलंग्याच्या बाजूला पसरलेल्या उंचवट्यांच्या माथ्यांवर जांभ्याची टोपी टिकून आहे. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत दीर्घकाळ विदारण होऊन सिलिका धुऊन जाते व लोह-ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात, तेव्हा जांभा तयार होतो. आजच्या अवर्षणप्रवण लातुरात असा दगड घडत नाही. म्हणजे लेण्याची भिंत ही हवामान बदलल्याची साक्ष आहे, आणि ती कोणालाही हात न लावता वाचता येते. छिद्राळ पोत, लोहाचा तांबूस रंग आणि शिल्पांची झीज पाहून येथील मूर्तींना वेरूळच्या बेसाल्टातील शिल्पांसारखी धारदार रेघ का लाभली नाही, हे पाहणाऱ्याने ठरवावे. कलेचे पुस्तक याचे श्रेय बहुधा कारागिराच्या कौशल्याला देईल. त्यात दगडाचा वाटा किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

किनवट परिसरातील दोन जागा मात्र आधीच प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्याबाबत सावध राहावे लागते. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यावर पावसाळ्यात गर्दी लोटते. तेव्हा पाणी दिसते, खडक दिसत नाही. धबधबा तिथेच का टिकला, थरांच्या कठीणपणात फरक आहे का, पाण्याने दगड कसा कोरला, हे सगळे उन्हाळ्यात पात्र उघडे पडल्यावर कळते, आणि तेव्हा तेथे कोणी फिरकत नाही. धबधब्याची उंची विचारणारे अर्थकॅश तेथे निरुपयोगी आहे. उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्याबाबत उलटी अडचण येते. ज्वालामुखीचा प्रदेश, म्हणून पाणी गरम, हे सोपे स्पष्टीकरण पाहुण्याच्या तोंडी लगेच येते, आणि ते चुकीचे आहे. ६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा केव्हाच निवला. पाणी भेगांतून खोल जाऊन तेथील उष्णता घेऊन वर येते. असा रूढ गैरसमज उलगडणारा प्रश्न हाच चांगल्या नोंदीचा गाभा असतो. शरभंग ऋषी आणि श्रीरामाच्या बाणाची कथा सांगणाऱ्या भाविकाला या स्पष्टीकरणाने दुखावण्याचे कारण नाही. कथा त्या जागेचे माहात्म्य सांगते, अर्थकॅश पाण्याची वाट विचारते. मात्र कुंडात उपकरणे बुडवत बसणारा पाहुणा मंदिराच्या व्यवस्थेला खपणार नाही, आणि तसे होऊ नये म्हणून परवानगीचा नियम आहे.

सर्वात गंभीर आक्षेप किल्लारीबाबत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने औसा, उमरगा परिसरातील गावे झोपेत गाडली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या अहवालांत सुमारे ८,००० ते १०,००० असा येतो. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या मातीत घरोघरी माणसे गेली तिथे खेळ म्हणून लोकांना बोलावणे असभ्य नव्हे काय? हा आक्षेप मोडीत काढता येत नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासावा लागतो. भूकंप होईपर्यंत हा भाग भूकंपप्रवण नकाशात सर्वात सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारित मानकात तो विभागच रद्द झाला आणि हा प्रदेश तिसऱ्यात गेला. भूपृष्ठावर उमटलेला भेगांचा व उंचवट्यांचा पट्टा जेमतेम किलोमीटरभर लांब होता आणि तोही शेतातून गेलेला. नांगराखालच्या जमिनीत असली खूण फार काळ टिकत नाही. उरली ती घरांची साक्ष. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या दोन-अडीच फूट आणि त्याहून जाड दगडी भिंती, भिंतीच्या दोन पदरांना जोडणारा लांब दगड नाही, वर माळवदाचे टनावारी ओझे. माणसे मेली ती बहुतांशी अशा भिंतींखाली. हा धडा इतिहासजमा झालेला नाही. नांदेड शहराला २००६-०७ पासून लहान धक्क्यांच्या मालिका जाणवल्या आहेत. २१ मार्च २०२४ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत पोहोचला. दगड-मातीच्या भिंती अजून अनेक गावांत उभ्या आहेत. म्हणून किल्लारीला अर्थकॅश असावे, पण ते स्मारकाच्या आवारात नको. गुण, क्रमवारी वा शर्यत यांची भाषा त्यात नसावी आणि मजकुराला गावाची संमती हवी. संमती मिळाली नाही तर नोंद करूच नये. हाच धडा त्याच बांधणीच्या, न पडलेल्या एखाद्या जुन्या गढीच्या भिंतीपाशीही देता येतो.

जीवाश्मांच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे. मांजरा खोऱ्यातील प्लाइस्टोसीन काळच्या गाळथरांत हत्ती, पाणघोडा आणि रानटी गुरे यांचे अवशेष मिळाले आहेत. एकेकाळी या नदीत पाणघोडे डुंबत होते, हे लातूरच्या शाळकरी मुलाला कळले तर त्याची मांजरेकडे पाहण्याची नजर बदलेल. तरीही अशा जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करणे म्हणजे हाडे वेचणाऱ्यांना पत्ता देणे आहे. ‘काही उचलू नये’ हा नियम सज्जनांनाच बांधतो. याच कारणाने या लेखातही अवशेष मिळालेल्या गावांची नावे टाळली आहेत. वाळूउपशाने नदीचे काठ खचतात तेव्हा तेच अवशेष कोणाच्याही नजरेस न पडता नाहीसे होतात, म्हणून लपवून जपणूक होतेच असे नाही, हा प्रतिवाद खरा आहे. पण भूवारसा स्थळे आणि अवशेषांच्या संरक्षणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या मसुद्यासारखा कायदा प्रत्यक्ष राबेपर्यंत असे अवशेष संग्रहालयात दाखवणे श्रेयस्कर. काठावरच्या अर्थकॅशमध्ये हाडांचा उल्लेख न करता गाळाचे थर, त्यातल्या गोट्यांचा आकार आणि पुराची पातळी यांवरच थांबावे.

शाळेच्या सहली असताना हे सारे कशाला, असाही प्रश्न येतो. सहलीत एक मार्गदर्शक बोलतो आणि साठ मुले ऐकतात. कोणी काय पाहिले हे कधी तपासले जात नाही. अर्थकॅशमध्ये प्रत्येकाचे उत्तर वेगळे मागवले जाते. उत्तरे एकमेकांत फिरतात आणि नोंद करणारा सर्व काही पडताळू शकत नाही, ही उणीव खरीच आहे. ठरावीक आकडा मागणाऱ्या प्रश्नाऐवजी ‘तुम्ही उभे आहात तिथून’ असा प्रश्न विचारला तर ती पुष्कळ कमी होते. मोबाइल आणि इंग्रजी यांमुळे खेळ शहरी मुलांचाच राहील, ही भीतीही निराधार नाही. स्थानिक भाषेचा नियम येथे आयता हाताशी आहे, आणि देगलूर-उदगीरकडे तो पाळायचा तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड वा उर्दूचाही विचार करावा लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे व स्थानविषयक माहितीवरील निर्बंध बरेच सैल केल्याने कायद्याची पूर्वीची अडचण कमी झाली आहे. खरी गरज आहे ती खडक ओळखणाऱ्या आणि नोंदीची वर्षानुवर्षे देखभाल करणाऱ्या माणसांची. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवणारे संकुल आहे. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीच्या वह्यांत अशा जागांची वर्णने आपसूक जमतात; त्यांतली निवडक तपासून, प्रश्न घालून, जागामालकाला विचारून प्रसिद्ध करणे हे एका सत्रात होण्याजोगे काम आहे.