नव्या काबिजादीतले जड शब्द

जड शब्द म्हटला की लांबलचक संस्कृत समास डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः शब्दाचे वजन त्याच्या अक्षरांवर ठरत नाही. गोव्यात 'भाटकार' हा शब्द लहान पोरालाही कळे. परंतु भाटकाराच्या जमिनीत खोपटे बांधून राहणाऱ्या माणसाचा आवाज तो शब्द उच्चारताना आपोआप खाली येई. उलट 'आदमिनिश्त्रादोर' हे जिभेची परीक्षा पाहणारे पद. तालुक्याच्या त्या पोर्तुगीज अंमलदाराचा आणि शेतकऱ्याचा संबंध वर्षाकाठी एखाद्या वेळीच येई, आणि आला तरी तो मध्यस्थामार्फत. कोणता शब्द खरा जड, हे कोशात पाहून ठरवता येत नाही. तो उच्चारला गेल्यावर कोणाच्या पायाखालची जमीन हलते, ते पाहावे लागते. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कारण येथे राज्ये बदलली तसे शब्दही बदलले, आणि जमीन मात्र तीच राहिली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे. दप्तर मोडी लिपीतले, भाषा मराठी आणि कारभाराची परिभाषा बहुतांशी फारसी-अरबी. सनद, इनाम, दस्त, जमाबंदी, मोकासा हे सारे शब्द मुसलमानी अमदानीतून आलेले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तो प्रयत्न थोर खरा; पण गावच्या कुळकर्ण्याच्या लेखणीतून 'सनद' काही गेली नाही. शब्द परका असला तरी त्याच्या मागे जमिनीचा तुकडा उभा असला की तो घरचा होतो. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याच्या मोकाशाखालील गावांत 'मोकासा' हा अरबी कुळीचा शब्द आहे, असे सांगितले असते तर कोणाला खरे वाटले नसते.

पोर्तुगिजांनी डिचोली १७८१ मध्ये शस्त्रबळाने घेतली आणि पाठोपाठ सत्तरीही घेतली. पेडण्याची गोष्ट निराळी. सावंतवाडीचे खेम सावंत कोल्हापूरकरांशी झगडत होते. त्यांना पोर्तुगिजांची मदत हवी होती, आणि त्या मदतीचे मोल म्हणून १७८८ च्या तहाने पेडणे महाल गोव्याच्या सरकारकडे गेला. म्हणजे डिचोली लढाईने गेली आणि पेडणे लेखणीने. तथापि लिस्बनच्या दप्तराने दोहोंवर एकच शब्द घातला : 'नोव्हास कोंकिश्तास'. त्याचे मराठी झाले 'नव्या काबिजादी'. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी, आणि फोंड्यापासून काणकोणपर्यंत व पेडण्यापासून सत्तरीपर्यंत साऱ्या नव्या.

हा शब्द बारकाईने पाहावा. पेडणे कोणी जिंकले नव्हते. ते एका राजाने दुसऱ्याला गरजेपोटी देऊन टाकले होते. रयतेला कोणी विचारले नाही, आणि त्या काळी तसे कोठेच विचारीत नसत. पुढे पावणेदोनशे वर्षे पेडणेकर सरकारी लेखी 'जिंकलेल्या मुलुखा'चा रहिवासी ठरला. स्वतःच्या गावाला 'काबिजाद' म्हणताना आपण काय बोलतो आहो, याचा विचार बहुधा कोणी केला नसेल. जड शब्दाची ही एक खोड आहे. तो रोजच्या बोलण्यात घासून गुळगुळीत होतो आणि आतील आरोप कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठीत इतिहास लिहिणारे आजही 'काबिजाद' हाच शब्द सहजपणे वापरतात.

एक गोष्ट मात्र खरी, की उशिरा सामील झाल्याने या तालुक्यांचे एका मोठ्या संकटातून रक्षण झाले. १६८४ साली व्हिसेरेई कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला होता. तेव्हा पेडणे व डिचोली त्याच्या हाताबाहेर होते. शंभर वर्षांनी ते हाती आले तेव्हा धर्मसमीक्षणाचा जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या चालीरीतींस हात न लावण्याचे धोरण सरकारला सोयीचे वाटले. देवळे राहिली, कीर्तने राहिली, मराठीचा धडा राहिला. एकोणिसाव्या शतकात नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी व चालीरीतींचा 'कोदिगु' पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापला गेला. राज्यकर्त्याच्या कायद्यासमोर रयतेची भाषा उभी राहिली, हे लहान काम नव्हे.

पण कायद्याच्या मूळ पोर्तुगीज भाषेत हिंदू माणसाला नाव होते 'जेंतिउ', म्हणजे ख्रिस्ती नसलेला, मूर्तिपूजक. १८८० च्या कोदिगुतही ते नाव टिकले. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले आणि 'सिदादांव', म्हणजे नागरिक, हा नवा शब्द कानी आला. जुना शब्द मात्र कोदिगुतून निघाला नाही.

शिवाय कोदिगु छापला म्हणून तो वाचता येतो असे नाही. फोर, आफोरामेंत, इन्व्हेंतार, प्रोकुरासांव, मात्रीज या शब्दांचा अर्थ ज्याला ठाऊक तो जमिनीचा धनी. ज्याला ठाऊक नाही तो त्याच्या दारी. गावागावांतून अर्ज लिहून देणारे, कचेरीत बरोबर येणारे आणि अर्थ सांगणारे लोक असत. त्यांतले काही प्रामाणिक असतील, काही नसतील; पण मध्ये कोणीतरी उभा राहावा लागे, हीच व्यवस्थेची खरी कमाई होती. येथे एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. पोर्तुगिजांनी आणलेला 'पदेर' पाव घेऊन दारी येई, 'इश्कोल' पोरांच्या तोंडी बसली, 'जनेल' भिंतीत बसले. हे शब्द एका पिढीत कोकणी झाले. 'आफोरामेंत' चार पिढ्या कचेरीतच राहिला.

शब्दांच्या राजकारणाचा कळस १९५१ मध्ये झाला. सालाझारच्या सरकारने घटना दुरुस्त केली आणि 'वसाहत' हा शब्द कायद्यातून काढून टाकला. गोवा, आंगोला, मोझांबिक हे सारे त्या दिवसापासून पोर्तुगालचे 'सागरपार प्रांत' झाले. गोव्यात ना एक कर कमी झाला, ना एक पाखला शिपाई माघारी गेला, ना सभाबंदी उठली. बदलला तो एक शब्द. पण हे केवळ शाब्दिक पांडित्य नव्हते. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला. स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांविषयी माहिती देण्याचे बंधन सनदेच्या ७३ व्या कलमाने सभासदांवर घातले आहे. पोर्तुगालने उत्तर दिले की आमच्याकडे असे प्रदेशच नाहीत, आहेत ते प्रांत! या उत्तरावर पाच वर्षे काथ्याकूट झाला. शेवटी १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव करून पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची यादी केली, आणि तीत गोव्याचे नाव घातले.

न्यूयॉर्कमध्ये हा अर्थनिर्णय चालू असता पेडण्यात त्याच शब्दाची किंमत निराळ्या तऱ्हेने मोजली जात होती. तेरेखोल नदीच्या पलीकडे आरोंदा, सातार्डा. तेथे सोयरीक, देवदर्शन, बाजार. मधल्या पाण्याला आता 'प्रांता'ची सरहद्द म्हणायचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या नाक्यावरून निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन आत शिरले. त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडला. वसाहत नसलेल्या प्रांताची ती हद्द होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रानात दडवलेल्या यंत्रावरून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. इंग्रजीत ते 'व्हॉइस ऑफ फ्रीडम'. कोकणीत त्याला काय म्हणावे? 'स्वातंत्र्य' होते, 'मुक्ती' होती. चालकांनी नाव ठेवले 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. गहाण पडलेला दागिना सोडवतात, दाव्याचे गुरू सोडवतात, अडकलेले माणूस सोडवतात. जो शब्द रोज घरात वापरला जातो तोच राष्ट्राच्या कामी लावला. नभोवाणीवर बोलणाऱ्यांनी धडा घ्यावा असे हे नामकरण आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि शब्दांचा नवा पूर आला. रेजेदोर गेला, सरपंच आला. आदमिनिश्त्रादोर गेला, मामलेदार आला. महाराष्ट्रात त्याच सुमारास शासनाचा पदनाम कोश निघाला होता, आणि 'बदनाम कोश' म्हणून त्याची थट्टाही झाली होती. गोव्यात आलेल्या नव्या अंमलदारांबरोबर इंग्रजी परिभाषाही आली. सरकारी कागदाचे नाव जीभ वळवून घेण्याजोगे नसेल तर लोक त्याचा क्रमांकच घेतात. देशावर 'सातबारा', तसा गोव्यात जमिनीच्या उताऱ्याला 'एक-चौदा'. त्यापेक्षा समर्पक नाव कोणत्याही कोशकाराने दिले नसते.

मग आला १९६७ चा जनमत कौल. प्रश्न मोठा होता : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा? 'विलीनीकरण' या शब्दाकडे पाहावे तसा तो दिसे. साखर पाण्यात विलीन होते, म्हणजे तिचे नाव उरत नाही. विरोधकांच्या कानी हा अर्थ पडे. पेडणे-डिचोलीतील पुष्कळांना मात्र ते नदीपलीकडच्या नात्यागोत्याशी पुन्हा जुळणे वाटे, आणि भाटकाराच्या जाचातून सुटण्याची वाटही त्यातच दिसे. गंमत अशी, की विरोधाची बाजू हिरिरीने मांडणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते; उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातलेच. मतपत्रिकेवर मात्र या साऱ्या वादाचे दोन चित्रांत रूपांतर झाले : विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. १६ जानेवारीला मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे व डिचोली यांनी बहुमताने फुलाला मत दिले होते. पुढे वीस वर्षे गोवा केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ रोजी 'घटक राज्य' झाला. त्याच साली झालेल्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर शासकीय कामी करता येईल, असे म्हटले गेले. 'राजभाषा' आणि 'वापर करता येईल' यांतील अंतर या तालुक्यांत अनेकांना अजून बोचते. पण तो स्वतंत्र विषय आहे.

जमिनीचे शब्द मागे राहिले. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे 'मानीव मालक' ठरले. 'मानीव' म्हणजे कायद्याने मानलेला. कायद्याने मानले, तरी कागदावर नाव चढेपर्यंत फेऱ्या चुकत नाहीत.

या बाबतीत डिचोली तालुक्यातील मये गावाची कथा विलक्षण आहे. तेथील मोठा भूभाग एका पोर्तुगीज सरदारी घराण्याच्या मालकीचा. गोवा मुक्त झाला आणि मालक पोर्तुगालला निघून गेले. १९६४ च्या कायद्याने ती जमीन 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी', म्हणजे स्थलांतरिताची मालमत्ता, ठरली आणि 'कस्टोडियन' नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात गेली. निघून गेला तो मालक. पिढ्यान्‌पिढ्या जे तेथे राहिले, ज्यांनी माड लावले आणि मळे पिकवले, ते मात्र त्या शब्दामुळे परक्याच्या मालमत्तेवरचे बिऱ्हाडकरू झाले. आसपासच्या गावांतील कुळांना आणि मुंडकारांना कायद्याने जे दार उघडले, ते मयेकरांसाठी लोटलेलेच राहिले. सारा गोवा मुक्त झाल्याचा सोहळा दरवर्षी होई, आणि मयेकरांना आपली जमीन सोडवून घ्यायची असे. त्यांनी जड शब्दाला जड शब्दानेच उत्तर दिले. त्यांच्या समितीच्या नावात 'भूविमोचन' हे पद आले, आणि ते शेतात राबणाऱ्यांच्या तोंडी बिनचूक बसले.

मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर, २०१४ मध्ये, विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याचे इंग्रजी नाव एका श्वासात म्हणता येत नाही. मालकी, पदव्या आणि जमिनींची दाने रद्द करणारा तो कायदा. त्याअन्वये पुढे रहिवाशांना हक्काचे कागद देण्यास आरंभ झाला. त्या कागदाला मये गावात आणि सरकारातही जे नाव आहे, ते सावंतवाडीच्या दप्तरातले जुनेच आहे : सनद.