वृक्षछायाचित्रण, कृष्णधवल
आरंभीच्या वृक्षछायाचित्रणात निष्पर्ण वृक्ष अधिक परिणामकारक ठरले, ते सौंदर्यदृष्टीइतकेच रसायनांच्या मर्यादेमुळे. विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट (१८००–७७) याने इंग्लंडमधील लेकॉक येथे १८४० नंतरच्या काही वर्षांत टिपलेला हिवाळ्यातील ओक हे याचे ठळक उदाहरण होय. तत्कालीन रौप्य लवणे मुख्यतः निळ्या व जंबुपार प्रकाशालाच संवेदनक्षम असल्याने हिरवी पालवी जवळजवळ काळी उमटे. उद्भासन दीर्घ असल्याने वाऱ्यावर हलणारी पाने पुसट होत. उघड्या फांद्यांची जाळी मात्र फिकट आकाशावर रेखीव उतरे. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये रंजकद्रव्ये वापरून हिरव्या प्रकाशाची संवेदनक्षमता साधली, तेव्हा कोठे पर्णसंभाराला करड्या छटा लाभण्याचा मार्ग खुला झाला. अँसल अ‍ॅडम्सच्या न्यू मेक्सिकोतील अ‍ॅस्पेन वृक्षांच्या छायाचित्रांत (१९५८) तर शरद ऋतूतील पाने गडद अरण्यापुढे उजळून दिसतात.