बाक की सतरंजी? देवाच्या दारात कोण कुठे बसतं

मोलगीहून बोलतोय, सातपुड्यातून. ज्यांच्याकडे नेटवर्क टिकत नाही किंवा डेटा वाचवायचाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

आजचा विषय ऐकून हसाल. विषय आहे बाक. शाळेतला नाही, प्रार्थनेच्या जागेतला. कुठल्याही पाड्यावर प्रार्थनाघर बांधा, देवळापुढे सभामंडप टाका किंवा विहार उभारा. पत्रे चढले, फरशी बसली की मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. बसायला काय घ्यायचं? बाकं, प्लास्टिकच्या खुर्च्या की सतरंज्या? वरवर हा प्रश्न बजेटचा वाटतो. पण जुना इतिहास काढून बघितला, तर तो मानपानाचा जास्त निघतो.

आधी एक गैरसमज काढू

"बाक म्हणजे साहेबाची वस्तू, आपली पद्धत खाली बसायची," असं आपण सर्रास म्हणतो. आता वेरूळला जा आणि ५ नंबरचं लेणं बघा. साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं हे बौद्ध लेणं. आत लांबच लांब दालन आहे आणि त्याच्या मधोमध दगडात कोरलेले दोन बुटके, लांब ओटे समोरासमोर गेलेत. इथे भिक्षू रांगेने बसून जेवत असावेत किंवा पाठ म्हणत असावेत, असं अभ्यासक मानतात. मुंबईजवळ कान्हेरीच्या ११ नंबरच्या लेण्यातही असेच ओटे आहेत. म्हणजे रांगेत बसायची सोय आपल्या डोंगरांत तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच कोरून ठेवलीय.

उलट युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये बराच काळ लोकांसाठी बाकंच नव्हती. माणसं उभी राहायची, गुडघे टेकायची. म्हातारे आणि आजारी लोक भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकायचे. मध्ययुगाच्या शेवटी बाकं वाढू लागली आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर ती सगळीकडे पसरली. कारण अगदी साधं होतं. प्रवचन लांबलं! तास-दोन तास ऐकायचं तर टेकायला काहीतरी हवंच.

बाक आला, पाठोपाठ नंबर आला

बाकाची एक गंमत आहे. सतरंजीवर पुढे-मागे सरकता येतं. बाक एका जागी ठाम असतो, म्हणून त्याला मालक मिळतो. इंग्लंड-अमेरिकेत कुटुंबं चर्चमधल्या बाकांचं भाडं भरायची. पैसेवाला पुढे, गरीब मागे किंवा कडेला.

मुंबईचं सेंट थॉमस चर्च घ्या. चर्चगेट स्टेशनचं नाव ज्या जुन्या वेशीवरून आलं, ती वेस याच चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर होती. १७१८ च्या नाताळात ते उघडलं. तिथे कोणी कुठे बसायचं ते हुद्द्यानुसार ठरलेलं होतं. गव्हर्नरची जागा वेगळी, अधिकाऱ्यांची वेगळी. आणि एका भागाला नावच होतं "कनिष्ठ बायकां"साठीची जागा. देवापुढे सगळे सारखे, असं ऐकायला आलेल्या बाईला आधी ती "कनिष्ठ" आहे हे बाकावरून कळायचं.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश छावण्यांतल्या काही चर्चमध्ये बाकांना खाचा पाडल्या. कशासाठी? बंदूक टेकवायला. प्रार्थना चालू असताना हत्यार हाताशी हवं. त्या बाकाकडे बघितलं की राज्य करणाऱ्याच्या मनातली भीती दिसते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी काळ्या लोकांना "तुमची जागा ही नाही" म्हणत प्रार्थना चालू असतानाच गुडघ्यांवरून उठवलं गेलं. ते सगळे बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे १८१६ मध्ये काळ्या लोकांचा स्वतंत्र चर्च-संघ उभा केला. बसण्याच्या जागेवरून एक अख्खा पंथ जन्माला आला, विचार करा.

मग जमीनच बरी?

थांबा, एवढं सोपं नाहीये. आपल्याकडे देवळात सगळे खालीच बसतात. पण कित्येक शतकं खरा प्रश्न आत की बाहेर हा होता. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर, पायरीशी आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आणि आपल्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडलं. आत येऊच दिलं नाही, तर आत सतरंजी आहे की बाक, याने काय फरक पडतो?

जमिनीवर बसणं हा समतेचा ठाम नियम कुठे असेल तर शिखांच्या लंगरमध्ये. नांदेडला गेलात तर बघा, कोणीही असो, पंगतीत खालीच. यावरूनही भांडण झालंय. कॅनडातल्या सरे शहरात गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये टेबल-खुर्च्या असाव्यात की नाही, यावरून १९९७ मध्ये हाणामारी झाली. १९९८ मध्ये अकाल तख्ताचा आदेश आला, की लंगर जमिनीवरच बसून घ्यायचा.

ख्रिस्ती मंडळींतही हा विचार झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी अभंगांतून ख्रिस्त गायला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" सुरू केला. आता टाळ-मृदंग घेऊन बसायचं, तर ठोकलेली बाकं अडचणच करणार. पुढे १९६९ मध्ये भारतातल्या कॅथलिक चर्चला रोमकडून काही भारतीय रीतींची परवानगी मिळाली. त्यात जमिनीवर बसणं आणि चपला बाहेर काढणंही होतं. म्हणजे खाली बसायला परवानगी लागली, तीही भारतात!

आता आपल्या डोंगरात

सातपुड्यातल्या आपल्या लोकांच्या देवाला भिंतीची गरज फारशी पडली नाही. देवमोगरा मातेच्या जत्रेत किंवा काठीच्या होळीत खुर्ची कोण विचारतं?

पण मला इथे गुलाम महाराज आठवतात. तळोदा तालुक्यातलं मोरवड, म्हणजे आजचं रंजनपूर, हे त्यांचं गाव. १९३० च्या दशकात दर सोमवारी तिथे आरतीला हजारो आदिवासी जमायचे. दारू सोडा, स्वच्छ राहा, हे त्यांचं सांगणं. आणि एक गोष्ट फार मोठी. तिथे माणसं एकमेकांना "आप" म्हणायची. ज्यांना सावकार आणि अंमलदार "अरे-तुरे" करायचे, ती माणसं एकमेकांना मानाने हाक मारायला लागली. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालवलं. त्या मैदानात मान बाकावर अवलंबून नव्हता, हाकेतच होता.

मग घ्यायचं काय?

थोडा हिशोब करू. खोली २० बाय ३० फूट धरा. पुढचे ८ फूट वेदी, मूर्ती किंवा बोलणाऱ्यासाठी गेले. मधे ४ फुटांची वाट सोडली तर दोन्ही बाजूंना ८ फुटी बाक बसेल, एका बाकावर पाच जण. दोन रांगांमध्ये ३ फूट हवेत, म्हणजे सात रांगा. झाले ७० लोक. सतरंजीवर दाटीवाटीने शंभरच्या आसपास मावतील, लेकरं असतील तर आणखी.

मग सतरंजीच ना? पण दिवसभर शेतात वाकलेल्या आजीचे गुडघे काय म्हणतात? एकदा खाली बसली की उठायला दोघं लागतात. मग ती यायचंच बंद करते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मशिदीत यावर साधा उपाय बघायला मिळतो. नमाजची रांग जमिनीवरच, पण ज्याला वाकता येत नाही त्याची खुर्ची त्याच रांगेच्या टोकाला. माणूस रांगेतून बाहेर पडत नाही.

माझं मत विचाराल तर सतरंजी सगळ्यांना, आणि पाठ टेकता येईल असे दहा-बारा सुटे बाक कडेने. ते बाक वयासाठी आणि दुखण्यासाठी, हुद्द्यासाठी नाही. बाकावर देणगीदाराचं नाव रंगवू नका. आज नाव आलं की उद्या "ही आमची जागा" येते. सरपंच किंवा साहेब पाहुणे आले तर त्यांनाही सतरंजीच. आणि बायकांची जागा दारातल्या चपलांशेजारी आहे का, तेवढं उठून बघा.

तुमच्या गावात पुढच्या रांगेत कोण बसतं, आणि ते कोणी ठरवलं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. अहिराणी, पावरी, वसावी, कुठल्याही भाषेत चालेल. भेटू पुढच्या भागात.