रयतेच्या घरचे ज्ञानदान : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन म्हटला की तो व्यापारी, अशी समजूत कोकणपट्टीत सर्वसाधारण आहे. परंतु आरोंद्याहून सावंतवाडी गाठून आंबोलीचा घाट चढले आणि कोल्हापूर-सांगलीच्या मुलखात उतरले, की पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा, काळ्या मातीत राबणारा मोठा जैन समाज भेटतो. अशाच एका शेतकरी कुळात कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानाचे दान मंदिराच्या उंबरठ्याबाहेर, सर्व जातींच्या झोपडीपर्यंत नेणारा हा महापुरुष होय.

भाऊरावांचा जन्म दि. 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे हे गाव जैन बांधवांना सुपरिचित आहे. घराणे मूळचे दक्षिणेकडील मूडबिद्रीचे. पुढे ते सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, तर मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. बालवयापासून भाऊरावांना अस्पृश्यतेची चीड होती.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहिले. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करूनच आत यावे, असा आदेश झाला. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग आपल्या समाजाने झाकून ठेवण्यासारखा नाही, तर ध्यानी ठेवण्यासारखा आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही; राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात मात्र त्यांना जीवनाची दिशा लाभली.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. 1914 साली कोल्हापुरात सम्राटाच्या पुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दबाव आणला गेला. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगचे एक कर्ते पुरुष. मनात डूख धरणाऱ्यास ही नामी संधी होती. परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्यास साफ नकार दिला, तुरुंगवास पत्करला आणि छळ असह्य होऊन प्राण देण्याचाही प्रयत्न केला. मात्र साक्ष दिली नाही. सत्य आणि क्षमा ही दोन्ही व्रते एकाच वेळी पाळण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

उदरनिर्वाहासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. नांगर विकताना शेतकऱ्याच्या अंगणात बसावे लागे. तेथे त्यांना उमजले, की पोलादाचा फाळ जमीन उलथील, पण अज्ञानाची पड जमीन शाळेवाचून नांगरली जाणार नाही. दि. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 'रयत' म्हणजे कष्टकरी प्रजा. नावातच उद्देश सामावलेला होता.

1924 साली सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. दि. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले तेथे एका पंक्तीत जेवत. दळण दळताना गृहिणीने एक मूठ धान्य बाजूला काढावे, अशी 'मुष्टिफंडा'ची योजना होती. व्यापाऱ्याच्या देणगीइतकाच मान शेतकऱ्याच्या मुठीला होता. मुले शेतात राबत, खडी फोडत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे तत्त्व येथे रुजले; म्हणून कोणी विद्यार्थी आश्रित ठरला नाही.

या यज्ञात सर्वांत मोठी आहुती सहधर्मचारिणी लक्ष्मीबाईंची. सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या या माउलीने परजातीच्या मुलांना पोटाशी धरले, त्यांच्यासाठी चुलीपुढे बसल्या. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना विकला जाई. अखेर मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्यांचे निधन झाले. पुढे संस्थेचा झालेला विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. इतिहास कर्मवीरांचे नाव घेतो, त्याच्या जमाखर्चात पहिली जमा या माउलीच्या नावे मांडली पाहिजे.

संस्था वाढतच गेली. 1935 मध्ये अध्यापक विद्यालय, 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. सरकारी अनुदान बंद पडण्याचेही दिवस आले. तेव्हा जनतेने संस्था तोलून धरली. 1959 साली पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी.लिट्. पदवी देऊन त्यांचा गौरव झाला. त्याच वर्षी दि. 9 मे रोजी ही प्राणज्योत मालवली. 2019 साली रयत शिक्षण संस्थेने शताब्दी पूर्ण केली.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते आणि तेच पुढे फांदीला आधार देते. कोणत्याही सार्वजनिक न्यासाची सुवर्णमहोत्सवी वाटचाल मोजण्याचे मापही हेच असावे. इमारती किती उभ्या राहिल्या यापेक्षा किती पारंब्या जमिनीला टेकल्या, किती हात घेणारे होते ते देणारे झाले, हे पाहावे. नांगर विकणाऱ्या एका शेतकरीपुत्राने व मंगळसूत्र देणाऱ्या त्याच्या पत्नीने घालून दिलेला हा वस्तुपाठ समाजास सदैव मार्गदर्शक राहो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.